कर्नेलच्या नेटवर्किंगमधली दुरुस्ती तपासताना या चुका टाळा

लिनक्स कर्नेलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) नेटवर्किंगमधल्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, बहुतेक वेळा लहान असतात. पाच-सात ओळी, त्यातल्या निम्म्या एखाद्या ‘इफ’च्या. त्यामुळे रिव्ह्यू करणारा घाई करतो. माझा अनुभव उलटा आहे. पॅच जितका छोटा, तितका त्यामागचं कारण शोधण्यात जास्त वेळ जातो, आणि तो द्यावाच लागतो.

नल-चेक बघून समाधान मानणं

माझ्या मते हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. एका ओळीवर क्रॅश झाला, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) नल म्हणजे रिकामा होता, पॅचने तिथे ‘रिकामा तर नाही ना’ असा नल-चेक घातला. दिसायला सगळं बरोबर! पण पॉइंटर नल झालाच कसा? कोणी केला, त्या वेळी कोणतं लॉक (एका वेळी एकालाच डेटा हाताळू देणारं कुलूप) कोणाकडे होतं?

समजा, एका सीपीयूवर सॉकेट बंद होतंय आणि त्याच क्षणी दुसऱ्या सीपीयूवर सॉफ्ट-आयआरक्यूमध्ये (इंटरप्टनंतर कर्नेल लगेच करतं त्या कामात) त्याच सॉकेटचं पॅकेट आलंय. पहिला पॉइंटर पुसतो, दुसरा वाचतो. नल-चेक आणि प्रत्यक्ष वापर यांच्यामध्येही पॉइंटर पुसला जाऊ शकतो, म्हणजे चेक घालून फट फक्त अरुंद झाली. पॉइंटर रीड-वन्सने एकदाच वाचून स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवला, तर दोनदा वाचण्याचा प्रश्न सुटतो. पण तो ज्याच्याकडे बोट दाखवतो ती मेमरी अजून जिवंत आहे का, हा प्रश्न तसाच राहतो. त्यासाठी आरसीयू (वाचणारे संपेपर्यंत जुनी मेमरी टिकवणारी पद्धत) हवं, रेफरन्स काउंट (वस्तू किती जण वापरतायत याचा आकडा) हवा, नाहीतर लॉक. आरसीयू असेल तर पुढे बघा: यादीतून काढल्यावर मेमरी ग्रेस पीरियडनंतरच, म्हणजे आधीचे वाचणारे संपल्यावरच, मोकळी होते ना? लगेच मोकळं करणारं साधं ‘केफ्री’ आहे की ग्रेस पीरियडपर्यंत थांबणारं ‘केफ्री-आरसीयू’? आरसीयूखाली शोधलेल्या वस्तूचा काउंट वाढवताना तो आधीच शून्यावर गेलेला असू शकतो, म्हणून तिथे ‘इंक-नॉट-झीरो’ (शून्य नसेल तरच वाढवणारं) प्रकारचंच फंक्शन लागतं.

कमिट मेसेजमध्ये (पॅचसोबतच्या वर्णनात) नुसतं ‘क्रॅश टाळला’ एवढंच असेल, तर पॅच परत पाठवायला संकोच करू नका. दोन सीपीयूंच्या घटना शेजारी-शेजारी दोन स्तंभांत मांडायला सांगा. तशी मांडणी करताना लेखकालाच कितीदा कळतं की दुरुस्ती चुकीच्या जागी झाली आहे.

फक्त डिफ वाचणं

डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींच्या यादीत, गिट बदलाच्या वर-खाली तीन-तीन ओळी दाखवतं. नेटवर्किंगमध्ये त्या पुरत नाहीत. पूर्ण फंक्शन उघडा, त्याला कोण कोण बोलावतं तेही बघा. याचं नेहमीचं उदाहरण ‘पीएसकेबी-मे-पुल’. हेडरचे पुरेसे बाइट सलग जागेत आहेत का हे हे फंक्शन बघतं आणि गरज पडली तर बफरची जागाच बदलतं. आधी घेतलेला आयपी हेडरचा पॉइंटर मग जुन्या, मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत बसतो. लांबी तपासणारी दुरुस्ती म्हणून हा कॉल घातला जातो आणि तीस ओळी खाली तोच जुना पॉइंटर वापरलेला असतो. डिफमध्ये ती ओळ येतच नाही.

एसकेबी (पॅकेट ठेवणारी कर्नेलमधली रचना) आता कोणाच्या मालकीचा, हे तर प्रत्येक कॉलनंतर विचारावं. ‘नॅपी-जीआरओ-रिसीव्ह’ला (आलेलं पॅकेट वरच्या थराकडे देणाऱ्या फंक्शनला) दिला की तो तुमचा राहिला नाही, त्यानंतर आकडेवारीसाठी एसकेबीची लांबी वाचणं म्हणजे मोकळ्या मेमरीत हात घालणं. ड्रायव्हरच्या ट्रान्समिट फंक्शनमध्ये एरर आल्यावर एसकेबी मोकळा करून वर ‘बिझी’ परत केलं, तर वरचा थर तोच एसकेबी पुन्हा पाठवायला बघतो.

लॉकच्या बाबतीत दोन गोष्टी पटकन बघून घ्या. स्पिनलॉक (ज्यात झोपायला मनाई असते) हातात असताना जीएफपी-कर्नेलने (ज्यात झोप लागू शकते) मेमरी मागितलेली नाही ना? आणि आरटीएनएल (नेटवर्क सेटिंग्जचं सामाईक) लॉक धरून ‘कॅन्सल-वर्क-सिंक’ (चालू वर्क, म्हणजे मागे टाकलेलं काम, संपेपर्यंत थांबणारं रद्द करणं) केलं असेल, तर ते वर्क स्वतः आरटीएनएल मागत नाही ना? मागत असेल तर दोघं एकमेकांची वाट बघत अडकतात.

दुरुस्तीने कोणाचं चालू काम मोडेल, हे न विचारणं

जून २०१९ मध्ये टीसीपीच्या सॅक (कोणते तुकडे पोचले हे कळवणाऱ्या सोयीच्या) हाताळणीतले दोष बंद झाले. त्यातल्या सीव्हीई-२०१९-११४७८ या क्रमांकाच्या सुरक्षा-दोषासाठी, पॅकेटचे तुकडे करणाऱ्या ‘टीसीपी-फ्रॅगमेंट’मध्ये मेमरीची मर्यादा घातली गेली. हल्ला रोखायला ती गरजेचीच होती. पण काही प्रोग्रॅम सेंड बफर मुद्दाम अगदी लहान ठेवतात. पॅकेट हरवलं की त्यांचं पुन्हा पाठवणंच या मर्यादेत अडकू लागलं, आणि ती मर्यादा सैल करायला आणखी पॅच काढावे लागले. म्हणून नवी मर्यादा दिसली की मी आधी विचारतो: रास्त वापरातला सगळ्यात टोकाचा आकडा कोणता?

‘आता क्रॅश होत नाही’ हा पुरावा मानणं

रेस (दोन कामांपैकी कोण आधी पोचतं यावर अवलंबून दोष) असेल तर हा पुरावा नाही. एक प्रिंट घातली तरी वेळ बदलते आणि क्रॅश लपतो. कासॅन (KASAN, मेमरीच्या चुका पकडणारं साधन) आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं) चालू ठेवून चाचणी करायला सांगाच, पण त्याआधी संशयित फटीत ‘एमडिले’ (काही मिलिसेकंद थांबवणारं फंक्शन) घालून ती रुंद करा. विनापॅच कर्नेल हमखास कोसळलं पाहिजे आणि पॅचसह, तोच उशीर ठेवून, टिकलं पाहिजे. विनापॅचही कोसळलं नाही, तर सांगितलेलं कारण बहुधा खरं नाही.

‘फिक्सेस’ टॅग न पडताळणं

हा टॅग दोष कोणत्या जुन्या कमिटने (बदलाने) आणला ते सांगतो. त्या कमिटने खरंच दोष आणला की फक्त ती ओळ इकडून तिकडे हलवली? गिट ब्लेम (ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारा आदेश) बहुतेक वेळा हलवणाऱ्याकडेच बोट दाखवतं. टॅग चुकीच्या, नंतरच्या कमिटचा असेल तर त्याआधीच्या स्टेबल शाखा (जुन्या आवृत्त्या, ज्यांना फक्त दुरुस्त्या मिळतात) दुरुस्तीविना राहू शकतात. टॅग बरोबर असूनही पॅच नंतर आलेल्या एखाद्या लॉकवर विसंबून असेल, तर जुन्या शाखेत तो कंपाइल होईल, पण तिथे ते लॉक कोणी घेतलेलंच नसेल.