प्राग पायी पाहताना वरून खाली या

प्रागचा जुना राजमार्ग, म्हणजे राजांच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीची किल्ल्यापर्यंतची वाट, बहुतेक जण पावडर टॉवरपासून धरतात आणि शेवटी नेरुदोवा रस्त्याच्या चढावर धापा टाकतात. त्यापेक्षा 22 नंबरच्या ट्रामने किल्ल्याच्या वरच्या बाजूच्या पोहोर्झेलेत्स थांब्यावर उतरा आणि खाली चालत या. कागदी तिकीट ट्राममध्ये चढताच यंत्रात छापा, नाहीतर दंड. सकाळी सातला निघालात तर किल्ल्याच्या इमारती बंद असतील, पण आवार उघडं असतं आणि चार्ल्स पूल गर्दीआधी मिळतो. आमच्या मते सौदा फायद्याचा.

नेरुदोवा उतरताना मान वर ठेवा. 1770 मध्ये घरांना क्रमांक मिळण्याआधी दारावरचं चिन्ह हाच पत्ता होता. 12 नंबरवर तीन व्हायोलिन दिसतील, 47 वर दोन सूर्य. कवी यान नेरुदा तिथेच राहायचा. दारांवर दोन पाट्या असतात: लाल नोंदणीची, निळी रस्त्यावरच्या क्रमांकाची. घर शोधताना निळी बघा, इथेच घोळ होतो.

पावसात दगडी फरसबंदी निसरडी होते, गुळगुळीत तळव्यांचे बूट नकोत. जुन्या शहरातल्या टाउन हॉलवरच्या खगोलीय घड्याळातले प्रेषित (येशूच्या शिष्यांचे पुतळे) सकाळी नऊपासून दर तासाला फिरतात. तेव्हा पिशवी पोटाशी धरा, खिसेकापूही वेळेवर हजर असतात. मग त्याच टाउन हॉलजवळ फरशीतले 27 पांढरे क्रूस शोधा: 1621 मध्ये तिथे देहदंड दिलेल्यांचे.