बेळगावहून डायव्हिंगला निघताना श्वासाचं स्पेअर सामान कसं भरायचं

बेळगावला समुद्र नाही, पण घाट उतरला की आहे. चोर्ल्यातून गोवा, आंबोलीतून मालवण-तारकर्ली, आणि यल्लापूर-अंकोला करत गेलं की मुर्डेश्वर. तिथून साधारण १९ किलोमीटर आत नेत्राणी बेट. इतकं जवळ असल्यामुळे आपल्याकडची माणसं शुक्रवारी रात्री गाडीत सामान टाकतात आणि निघतात. बोट बेटापाशी नांगर टाकून उभी राहते आणि मग कळतं की दहा रुपयांची ओ-रिंग घरी राहिली आहे.

मी उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कारखान्यात तपासणीला आहे. दिवसभर सील, ओ-रिंग आणि दाब यांच्याशीच गाठ असते, त्यामुळे डायव्हिंगची बॅग भरताना माझं लक्ष आधी तिकडेच जातं. मास्क, फिन्स, सूट यांचं स्पेअर प्रत्येकाने आपापलं बघावं. इथे फक्त टाकीपासून तोंडापर्यंत हवा ज्या वाटेने येते त्या वाटेवरच्या वस्तूंचं सांगते.

टाकी घरून न्यायची नाही. भरलेली तर नाहीच. दाबाच्या सिलिंडरांना आपल्याकडे गॅस सिलिंडर रूल्स २०१६ लागू आहेत आणि त्याचा कारभार नागपूरच्या पेसोकडे, म्हणजे स्फोटकं आणि दाबाची सिलिंडरं बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे, असतो. बाहेरून आणलेली टाकी 'माझी आहे, मी भरून आणते' म्हणून कुठूनही भरून घेता येत नाही. विमानात तर भरलेल्या टाकीचा विषयच नको. आणि कुणी म्हणालं की उद्यमबागेत घरोघरी कंप्रेसर आहेत, भरू की तिथंच, तर त्याला हात जोडा. आमचा कंप्रेसर ८-१० बारचा, डायव्हिंगची टाकी २०० बारची. शिवाय कारखान्याच्या हवेत तेलाचे कण असतात, कधी कार्बन मोनॉक्साइडही. श्वासाच्या हवेच्या कंप्रेसरला कार्बन आणि मॉलिक्युलर सीव्हचे फिल्टर लागतात, ते पान्यांना हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरला कोण बसवणार?

म्हणजे टाकी तिथली, रेग्युलेटर आपला. टाकीतला दाब उतरवून श्वासाजोगी हवा देतो तो रेग्युलेटर; त्याचा टाकीला बसणारा भाग फर्स्ट स्टेज, तोंडात धरायचा सेकंड स्टेज. मग पहिला प्रश्न, दोन्ही एकमेकांना बसतात का. मी गेले त्या बोटींवर बहुतेक टाक्या योकच्या, म्हणजे रेग्युलेटर बाहेरून कैचीने आवळायच्या, होत्या. तुमचा रेग्युलेटर डिनचा, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये आट्याने बसणारा, असेल तर डिन-ते-योक ॲडॉप्टर बॅगेत हवाच, तो विसरला तर बाकीचं सगळं सामान नुसतं ओझं. उलट तुमचा योक असेल आणि तिथले व्हॉल्व्ह डिनचे असतील तर व्हॉल्व्हमध्ये बसणारा इन्सर्ट आणि तो फिरवायला ८ मिलिमीटरची ॲलन की. सरळ आदल्या आठवड्यात फोन करा: व्हॉल्व्ह कुठले, टाकी किती लिटरची, भाड्याने जादा रेग्युलेटर मिळतो का, आणि मिळत असेल तर त्याची सर्व्हिस कधी झाली. शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर स्पेअर आपलंच न्या.

आता ओ-रिंग. योकच्या टाकीच्या तोंडाला जी लागते ती ०१४ नंबरची. डिनच्या रेग्युलेटरला ११२. दाब दाखवणाऱ्या गेजला होज, म्हणजे हवेची नळी, जोडतो तिथल्या छोट्या स्पूलवर ००३, अगदी इवलीशी, आणि नेमकी तीच कुणाकडे नसते. बेळगावात हे नंबर मिळणं अवघड नाही, हायड्रॉलिकच्या दुकानात नुसता नंबर सांगितला की पुरे. पण एक अट. दुकानदार सवयीने ७० शोअर कडकपणाची काढून देतो. तुम्ही ९० शोअरची, नायट्रिल, असं मागून घ्या. दिसायला दोन्ही काळ्या, माप तेच, बोटाने दाबल्यावर फरक कळतो. मऊ रिंग २०० बारच्या दाबाने फटीतून बाहेर ढकलली जाते आणि फाट्‌कन आवाज होऊन टाकी भसाभसा रिकामी होऊ लागते. बोटीवर हा आवाज ऐकला की नवखी माणसं पाण्यात उडी मारायच्या बेतात येतात. प्रत्येक नंबरच्या चार-पाच रिंगा झिपच्या वेगवेगळ्या पुड्यांत घाला आणि पुडीवर नंबर लिहा. ओल्या हाताने, हलत्या बोटीवर व्हर्निअर लावून बघायला जमत नाही.

ग्रीस सिलिकॉनचं, आणि तेही चमक येण्यापुरतं. कारखान्यातलं लिथियम ग्रीस श्वासाच्या वाटेवर नको. सिलिकॉन रबरच्या डायफ्रॅमला, म्हणजे सेकंड स्टेजमधल्या पडद्याला, तर सिलिकॉन ग्रीसही लावायचं नाही, रबर फुगतं. रिंग काढायला पितळेची किंवा प्लास्टिकची टोचणी घ्या. सुई वापरली की खाचेत ओरखडा पडतो, आणि मग नवी रिंगही गळते.

होज आणि माउथपीस यांचं थोडक्यात सांगते. माउथपीस दोन, केबल टाय मूठभर, कापायला छोटी कात्री. बंद पडलेल्या डाइव्हचं एक किरकोळ पण नेहमीचं कारण म्हणजे चावून फाटलेला माउथपीस. एक लो-प्रेशर होज स्पेअर घ्या, लांबच घ्या, साधारण एक मीटरचा, म्हणजे ऑक्टोलाही (सोबत्याला द्यायच्या जादा सेकंड स्टेजला) चालतो आणि मुख्यालाही. फर्स्ट स्टेजची भोकं बंद करायचे प्लग, एक लो-प्रेशर आणि एक हाय-प्रेशर, आणि त्यांची ४ मिलिमीटरची की. तुमच्या प्लगला इंची की लागत असेल तर ५/३२. घरी लावून बघूनच घ्या. ॲडजस्टेबल पाना एक.

होज तपासताना रबरी टोपणं मागे सरकवा. चीर बहुतेक वेळा टोपणाखाली, धातूच्या कॉलरजवळ असते, उघड्यावर क्वचित.

गळतीबद्दल एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा. हाय-प्रेशर होजमधून बुडबुडे दिसले की सगळे घाबरतात, पण त्या भोकाचा मार्ग मुद्दाम सुईएवढा ठेवलेला असतो, त्यामुळे तिथून हवा सावकाश जाते. लो-प्रेशर होज फुटला तर टाकी त्याच्यापेक्षा कितीतरी लवकर रिकामी होते. म्हणून जागा कमी असेल तर स्पेअर लो-प्रेशरचा.

पूर्ण दुसरा रेग्युलेटर न्यावा का? माझं मत असं: मालवण किंवा नेत्राणीला दोन दिवस जायचं असेल तर नको. एक जादा सेकंड स्टेज आणि वरची पुडी पुरे. अंदमान किंवा लक्षद्वीपला आठवडाभर जाणार असाल तर पूर्ण संच न्या, कारण तिथे एक दिवस बुडाला की विमानाच्या तिकिटासकट बुडतो. मात्र जो संच कपाटात तीन वर्षं पडून आहे त्याला स्पेअर म्हणू नका. तो मुख्याबरोबरच सर्व्हिसला जायला हवा, आणि निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी. मशीन असो की रेग्युलेटर, नुकतंच उघडून जोडलेलं यंत्र पहिल्या काही तासांतच काय ते दाखवतं. सहलीतला पहिला उथळ डाइव्ह मी स्पेअरवरच करते. माझा भाचा म्हणतो, "मावशी, चांगला असताना जुना कशाला तोंडात घालतेस?" चांगला आहे की नाही हे पाच मीटरवर कळलेलं बरं, म्हणून.

टाकी नसताना घरी करण्यासारखी एक तपासणी आहे. फर्स्ट स्टेजवर धुळीचं टोपण घट्ट बसवा, सेकंड स्टेज तोंडात धरा आणि हलकेच हवा ओढा. काहीच यायला नको, आणि ओढ तशीच टिकायला हवी. हवा आत आली तर डायफ्रॅम, बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह किंवा माउथपीस यातलं काहीतरी फाटलं आहे. ऑक्टोलाही हेच करा. सोफ्यावर बसून दोन मिनिटांचं काम आहे. फर्स्ट आणि सेकंड स्टेजच्या मधला दाब, म्हणजे साधारण ९-१० बार, सरकतो का हे मात्र टाकी लावल्यावरच कळतं. त्यासाठी बीसीडीच्या (हवा भरून तरंगायच्या जॅकेटच्या) होजला लागणारं छोटं गेज मिळतं.

आता छोट्या टाकीचं, म्हणजे पोनीचं. हातात मावणारी इवली टाकी विकत घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. हिशोबच करू. २० मीटरवर दाब ३ बार. घाबरलेला माणूस मिनिटाला ४० लिटर ओढतो असं धरा. पहिलं एक मिनिट सावरण्यात जातं, १२० लिटर. मग मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने ५ मीटरपर्यंत वर, साधारण १५० लिटर. तिथे तीन मिनिटांचा सुरक्षेचा थांबा, १८० लिटर. उरलेल्या पाच मीटरला ३०. एकूण ४८० लिटर. तीन लिटरची पोनी २०० बारला ६०० लिटर देते, म्हणजे भागतं. हातात मावणाऱ्या मोठ्या आकाराच्या बाटलीत सुमारे ८५ लिटर. सावरण्याचं मिनिटही पुरं होत नाही. बडी, म्हणजे जोडीदार डायव्हर, सोबत असताना १२ मीटरच्या डाइव्हला मी पोनी नेत नाही. खोल किंवा गढूळ पाणी असेल तर तिथली पोनी भाड्याने मिळते का विचारा, आणि घरून फक्त तिचा रेग्युलेटर आणि पट्टे न्या.

बडीचा ऑक्टो हा तुमचा पहिला स्पेअर. उडी मारण्याआधी त्याच्यातून दोन श्वास घेऊन बघा, तोही बोटीवर, सगळ्यांसमोर. लाजायचं काम नाही.

बॅग भरताना मुख्य आणि स्पेअर एका बॅगेत ठेवू नका. विमानाने जाताना मुख्य रेग्युलेटर केबिनमध्ये. तिथे सहसा ७ किलोची मर्यादा असते, त्यात तो आरामात बसतो. स्पेअर, पाना, ॲलन की आणि सुरी चेक-इनच्या १५ किलोंत. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्या हातातच. होज मोठ्या वळणात गुंडाळा, घडी घालू नका. गाडीने जाताना बॅग डिकीत उन्हात तापत ठेवू नका, मागच्या सीटवर ठेवा. मालवणला एका होडीवाल्याने माझा डबा बघून विचारलं होतं, "ताई, आख्खा दुकान घेवन इलास काय?" त्याच दुपारी त्याच्याच टाकीला माझी ०१४ लागली. डब्याशेजारी कुंद्याचा बॉक्सही असतो, तो होडीवाल्यांसाठी. त्याचं वजन मी धरत नाही.

बोटीवर दुरुस्ती किती करायची? माउथपीस, टाकीची रिंग, अख्खा होज बदलणं, एवढंच. फर्स्ट स्टेज उघडायचा नाही, कितीही येत असलं तरी. हवा आपोआप सुटत राहिली आणि थांबेना, तर तो संच बाजूला आणि स्पेअर लावा.

परतीचं एक बेळगावकरांनी विशेष ध्यानात ठेवावं. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, चोर्ल्याचा माथाही त्याच उंचीच्या आसपास. डायव्हिंगनंतर विमानात बसण्याबद्दल डॅनचा (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा) सल्ला असा, की एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास थांबा. तो २००० फुटांपासून पुढच्या उंचीला लागू आहे. २००० फूट म्हणजे सुमारे ६०० मीटर. तेव्हा दुपारी पाण्यातून निघून संध्याकाळी घाट चढणं म्हणजे त्या सल्ल्याच्या विरुद्ध जाणं झालं. मुक्काम करा. त्या रात्री रेग्युलेटर गोड्या पाण्यात भिजवा, टोपण घट्ट लावून आणि पर्जचं (हवा सोडायचं) बटण न दाबता, आणि मग सावलीत टांगून ठेवा. पुडीतलं जे जे संपलं ते डब्याच्या झाकणावर मार्करने लिहा, आणि सोमवारी उद्यमबागेच्या वाटेवर दुकानात थांबून तेवढं घेऊनच पुढे जा.