प्रतिविषाच्या घोड्याची तपासणी : सुईआधी हात फिरवा

कोळ्याच्या विषावरचं औषध, म्हणजे प्रतिविष, घोड्याला तेच विष टोचून मग त्याच्या रक्तातून काढतात म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'मग विषानं घोडा मरत नाही का?' सहसा नाही. विष अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवत नेतात. अशा घोड्यांवर उपचार करताना मला धास्ती वाटते ती विषात मिसळलेल्या, प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या अ‍ॅडज्युव्हंटची आणि काढून घेतलेल्या रक्ताची.

आधी टोचलेल्या जागा बघा. नुसतं बघून भागत नाही, केसांखाली बोटं फिरवा. प्रतिकारशक्ती चेतवायला फ्रॉइंडचं पूर्ण अ‍ॅडज्युव्हंट वापरतात. त्यात मेलेले क्षयजंतू असतात आणि त्यानं गाठी, गळवं होतात, कधी नाडीव्रण होऊन महिनोन्महिने पू वाहत राहतो. म्हणून मात्रा अनेक जागी थोडीथोडी वाटून द्यायची, खोगीर-पट्टा येतो तिथे कधीच नाही. लॉक्सोसेलिस कोळ्याचं विष असेल तर जास्तच जपा, कारण ते मुळातच कातडी सडवणारं आणि रक्तपेशी फोडणारं. काळी विधवा (ब्लॅक विडो) कोळ्याचं विष मज्जातंतूंवर जातं; तिथे घाम आणि स्नायूंची थरथर यांवर डोळा ठेवा. (फनेल-वेब कोळ्याचं प्रतिविष सशांकडून घेतात, म्हणून तो इथे नाही.)

आता रक्त. एका वेळी वजनाच्या दर किलोमागे १३ ते १५ मिली, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याचं साडेसहा ते साडेसात लिटर. तांबड्या पेशी वेगळ्या करून २४ तासांच्या आत परत चढवल्या तर पंडुरोग टळतो. तरी प्रथिनं जातातच, म्हणून छातीखाली आणि पोटाखाली सूज दाबून बघा.

हिरडी अंगठ्यानं दाबा, सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झाली पाहिजे. विश्रांतीतली नाडी मिनिटाला २८ ते ४४. रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे पीसीव्ही, ३२ ते ४८ टक्के. पण या आकड्यानं मला एकदा फसवलंय. एक घोडी मोकळ्या रानातून ओढत आणली, बिथरलेली; पीसीव्ही ३८ आला, मी रक्त काढायला होकार दिला. दुसऱ्या दिवशी ठाणावर शांतपणे चंदी खाताना नमुना घेतला तर २९. घाबरला की घोडा प्लीहेतल्या साठवलेल्या पेशी रक्तात सोडतो. तेव्हापासून नमुना शांत घोड्याचाच घेते, आणि मोतद्दारालाच धरायला सांगते.

मानेची शीर दोन्ही बाजूंनी चाचपा. दोरीसारखी कडक, गरम लागली तर तिथे सुई नाही.

वर्षानुवर्षे टोचून घेतलेल्या घोड्यात अमायलॉइड नावाचं प्रथिन यकृतात साचत जातं. बाहेरून बराच काळ काही दिसत नाही आणि एक दिवस यकृत फाटून घोडा ठाणावरच कोसळतो. यावर उपचार नाही. दर महिन्याला वजनपट्टी लावा, यकृताची रक्ततपासणी ठरलेल्या दिवशी करा. चंदी तेवढीच असून बरगड्या दिसू लागल्या तर पुढचा डोस थांबवा. तपासणीही बिघडलेली आली तर त्या घोड्याचं नाव टोचणीच्या यादीतून कायमचं काढा, औषधाची मागणी कितीही असो.