वाफसा मोजून पाणी द्यावे
पुणे जिल्ह्यात पुरंदरच्या मुरमाड माळापासून भीमाकाठच्या काळ्या जमिनीपर्यंत मातीची जात बदलत जाते, म्हणून शेजाऱ्याच्या पाण्याच्या पाळ्या न उचलता आपल्याच शेतातला ओलावा मोजावा. टेन्शिओमीटर म्हणजे माती पाणी किती ताणून धरते ते दाखवणारी, पाण्याने भरलेली नळी. तिचे सच्छिद्र टोक रात्रभर पाण्यात भिजवावे आणि नळीत बुडबुडा न ठेवता, ठिबकच्या ओल्या पट्ट्यात एक टेन्शिओमीटर ३० व दुसरे ६० सेंटिमीटर खोल बसवावे. टोकाभोवती माती घट्ट बसली नाही तर आकडा खोटा येतो, म्हणून इथे घाई करू नये. रोज सकाळी नोंद घ्यावी. हा आकडा सेंटिबार या ताणाच्या एककात येतो आणि तो जितका मोठा तितकी माती कोरडी. आकडा १० सेंटिबारखाली असेल तर माती चिंब आहे. हलक्या जमिनीत साधारण २० ते ३०, भारी जमिनीत ५०च्या आसपास गेल्यावर पाणी सोडावे. प्रत्येक पाळीनंतर खालच्या, ६० सेंटिमीटरवरच्या टेन्शिओमीटरचा आकडा शून्याकडे घसरत असेल, तर पाणी मुळांखाली वाया जात आहे आणि पाळी आखडती घ्यावी.