पिकअपला स्पेसर लावताय? आधी या चुका टाळा

पावसाळा सरला की नाशिकच्या माझ्या गॅरेजात व्ही-क्रॉस आणि हायलक्स या पिकअपवाली पोरं यायला लागतात. प्रश्न ठरलेला: "काका, किती एमएमचे स्पेसर बसतील?" स्पेसर म्हणजे चाक आणि हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) यांच्या मधे घालायचं धातूचं जाड कडं, त्याने चाक तेवढं बाहेर सरकतं. कशासाठी हवेत असं विचारलं की बहुतेक जण मोबाइलमधला फोटो दाखवतात. फोटोत चाक मडगार्डच्या कडेला आलेलं असतं आणि गाडी रुबाबदार दिसते. स्पेसर हबला धरणारे आतले नट फोटोत दिसत नाहीत, आणि माझं सगळं भांडण त्या आतल्या नटांवरूनच आहे.

मोठं टायर घासतंय म्हणून स्पेसर हवा असेल, तर आधी कुठे घासतंय ते बघा. टायरच्या खांद्याला खडू फासा, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण कापा, स्पीडब्रेकरवरून गाडी तिरकी न्या. खडू चाकाच्या आतल्या बाजूच्या सस्पेन्शनच्या वरच्या आर्मला लागला तर चाक बाहेर सरकवून उपयोग होईल. बंपरला किंवा मडगार्डच्या मागच्या कडेला लागला, तर स्पेसरने घासणं वाढेल. बाहेर गेलेलं चाक वळताना जास्त घेर घेतं. एवढी दहा मिनिटांची तपासणी न करता पैसे भरून मोकळी झालेली माणसं बघितली की जीव तळमळतो.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक: हबवर नुसती सरकवायची चकती. हिला स्वतःचे स्टड, म्हणजे ज्यांवर नट बसतात ते आट्यांचे दांडे, नसतात, ती गाडीच्याच स्टडची लांबी खाते. या पिकअपचे स्टड 12 एमएमचे, आट्यांचं अंतर दीड एमएम. नटाने निदान स्टडच्या जाडीएवढे, म्हणजे 12 एमएम आटे धरायला हवेत. हिशेब केला तर पूर्ण आठ फेरे होतात. नट हाताने लावा, पहिला आटा धरला की मोजायला लागा. एकाने 'ऐंशीला गाडी थरथरते' म्हणून तीनदा बॅलन्सिंग करून घेतलं होतं. मी नट सोडले, पाच फेऱ्यांत हातात आले. शिवाय चकतीने हबची मधली कड झाकली गेली होती. ज्या कडेवर चाक मध्यात बसतं तीच नाही, तर थरथर वजनं चिकटवून कशी जाणार? चकत्या काढल्या, थरथर गेली. माझ्याकडे चकती बसवून मिळत नाही, पाच एमएमचीसुद्धा नाही.

दुसरा प्रकार, म्हणजे हबला नटांनी आवळायचा आणि स्वतःचे स्टड असलेला स्पेसर, चालू शकतो. पण इथेच माझा सगळ्यात वाईट अनुभव आहे, आणि काम माझ्याच गॅरेजातलं होतं. एका व्ही-क्रॉसला 30 एमएमचे बसवले. हब घासून साफ केले, नट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, आवळले, मालकाला सांगितलं, शंभर किलोमीटरनंतर या, चाकं उतरवून आतले नट पुन्हा बघायचेत. तो आला नाही. गाडी मस्त चालत होती, मग कशाला यायचं! महिन्याभराने संध्याकाळी इगतपुरीजवळून फोन आला. मागचं डावं चाक स्पेसरसकट निघालं होतं आणि गाडी ड्रमवर घासत थांबली होती. घरची माणसं आत होती. कुणाला लागलं नाही.

तिथे जाऊन बघितलं तर दोन स्टडना जुनी, गंजलेली चीर होती, उरलेले ताजे तुटलेले. म्हणजे नट आधीच सैल होऊन बरेच दिवस चाक डुलत होतं. हे का होतं ते नीट समजून घ्या. चाकाचा भार स्टड तोलत नाही. नटांच्या दाबाने दोन पृष्ठभाग एकमेकांना घट्ट धरतात आणि त्या घर्षणावर भार जातो. नवा स्पेसर बसला की मधला रंग, गंजाची पूड, बारीक कचरा पहिल्या काही किलोमीटरमध्ये दबतो. अर्ध्या केसाच्या जाडीएवढं दबलं तरी नटाचा ताण उतरतो. मग स्टड प्रत्येक फेऱ्याला वाकतो आणि शेवटी थकून तुटतो. बाहेरचे नट तुम्ही रोज बघाल, पण सैल झालेला नट चाकाच्या मागे झाकलेला असतो.

तेव्हापासून माझी सवय बदलली. स्पेसर बसवलेली गाडी त्या दिवशी देत नाही. संध्याकाळी मीच त्र्यंबकेश्वरला जाऊन येतो, रात्रभर गाडी गार होऊ देतो, सकाळी चारही चाकं उतरवून आतले नट पुन्हा मापाने आवळतो आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाची रेघ मारतो. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. या मापाच्या स्टडना तो साधारण 100 ते 120 न्यूटन मीटरच्या आसपास असतो. एअर गनने धडाधड आवळणाऱ्याकडे हे काम देऊ नका. घाई असेल त्याने स्पेसरच लावू नये.

बाकीचं थोडक्यात. 25 एमएमच्या स्पेसरमधून गाडीचे मूळ स्टड बाहेर डोकावतात का, ते फूटपट्टी आडवी धरून बघा. डोकावत असतील आणि रिमच्या पाठीला खाचा नसतील, तर चाक स्टडच्या टोकांवर टेकतं. चपट्या वायसरचा नट आणि निमुळता नट यांची अदलाबदल करू नका. आट्यांना ग्रीस लावू नका, रेंच तोच आकडा दाखवेल पण स्टड जास्त ताणला जाईल. अंबडच्या एमआयडीसीतल्या मित्राकडून भंगारातल्या ॲल्युमिनियमचे स्पेसर लेथवर काढून घेऊ नका. धातू कोणता हे त्यालाही माहीत नसतं. कोकणात गाडी फिरत असेल तर हबच्या कडेला थोडं अँटी-सीझ (धातू एकमेकांना चिकटू न देणारी पेस्ट) लावा, खाऱ्या हवेत स्पेसर हबला चिकटून बसतो. गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

पिंपळगावला टोमॅटोचे क्रेट भरून नेणाऱ्या पिकअपला मी स्पेसर बसवत नाही. भाडं करणारी गाडी क्षमतेपेक्षा जास्त भरली जाते, हे मालकाला आणि मला दोघांनाही माहीत असतं.

पैसे थोडे जास्त जात असतील तरी माझं मत योग्य ऑफसेटच्या रिमला. ऑफसेट म्हणजे रिमचा हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून किती एमएम बाहेरच्या बाजूला आहे ते; तो जितका कमी, तितकं चाक बाहेर येतं. +30 च्या रिमला 30 एमएमचा स्पेसर लावला की चाक शून्य ऑफसेटच्या रिमएवढंच बाहेर येतं. बेअरिंगवरचा जादा ताण आणि खड्ड्यात स्टेअरिंगला बसणारा हिसका दोन्हीकडे तसाच. फरक इतकाच, की रिममध्ये नटांचा एकच संच असतो आणि तो डोळ्यांसमोर असतो.

ज्यांच्या गाडीला आज स्पेसर आहेत, त्यांनी या रविवारी चारही चाकं उतरवा. आतला एक जरी नट सैल सापडला, तर नुसता आवळून चाक परत चढवू नका. त्या चाकाचे सगळे स्टड बदला, मगच गाडी रस्त्यावर काढा.