टाकी भरलेली, तरी ‘पाणी घाला’चा लाल दिवा

ओट्यावरच्या छोट्या बर्फ मशीनमध्ये हा दिवा बहुतेक वेळा टाकीतल्या पाण्यासाठी नसतो. वरच्या ट्रेमध्ये पाणी पोचलं नाही की लागतो. म्हणून संशय आधी पंपावर. गॅस संपल्याचं निदान करणाऱ्याला जरा थांबवा.

माझ्याकडे पंपाची घरघर चालू, पाणी मात्र चढेना. प्लग काढून, खालचं बूच उघडून टाकी रिकामी केली. पंपाच्या तोंडावरच्या जाळीवर विहिरीच्या पाण्याचा लालसर गाळ सायीसारखा बसलेला. जांभ्याच्या भागात हे व्हायचंच. जाळी मऊ टूथब्रशने धुतली. सुई घालू नका, फाटते. तरीही पाणी चढलं नाही, कारण पंपात हवा अडकली होती. बिनसुईच्या 20 मिलीच्या सिरिंजने त्या तोंडात पाणी दाबलं, बुडबुडे आले आणि ट्रे भरला.

मग 1 लिटर पाण्यात 20 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून मशीन चालवलं, अर्धा तास तसंच ठेवलं, तीनदा साध्या पाण्याने धुतलं. पहिले दोन घाणे टाकून द्यायचे.

पाणी चढतंय पण बर्फ पापडासारखा पातळ? पहिल्या घाण्याला तसा येतोच. पुढेही आला तर मशीनच्या मागच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पत्र्या बघा. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने त्यांच्यावर धूळ चिकटून बसते. कोरड्या ब्रशने झाडा, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा, टाकीत गार पाणी घाला. कॉम्प्रेसर नुसता गुणगुणून बंद पडत असेल तर आधी व्होल्टेज मोजा.