कामावरचा राग हाताळताना या चुका टाळा

नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या कारखान्यात शिफ्ट बदलतेय. बेअरिंगचा आवाज दुपारपासून बदललाय, हे घरी निघालेल्या ऑपरेटरला पक्कं ठाऊक आहे. पण येणाऱ्याला तो सांगतो, "सगळं ठीक आहे, भाऊ." मागे एकदा त्याने बिघाड सांगितला, तर सुपरवायझरने सगळ्यांसमोर त्यालाच झापलं होतं. रात्री मशीन बंद पडते, आणि ठपका बसतो रात्रपाळीवर.

चारचौघांत झापणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या टीममध्ये एकमेकांशी संबंध चांगले, तिथेच चुकांची नोंद जास्त सापडली, कारण तिथे लोक चूक लपवत नव्हते. म्हणून बिघाड सांगायला आलेल्या माणसाला "कोणी केलं?" असं विचारू नका. "कधीपासून होतंय?" असं विचारा. चूक त्याचीच असेल तर नंतर बाजूला घेऊन बोला.

दुसरी चूक राग गिळण्याची. भावनिक बुद्धिमत्ता, म्हणजे आपल्या आणि समोरच्याच्या भावना ओळखून हाताळण्याची क्षमता. पण ती म्हणजे गप्प बसणं, असं अनेक जण धरून चालतात. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत उलटं दिसलं: भावना चेहऱ्यावर येऊ न देण्यात मन गुंतलं की समोर काय बोललं गेलं ते नीट लक्षात राहत नाही. नागपूरच्या सीताबर्डीत मे महिन्याच्या उन्हातून आलेला ग्राहक काउंटरवर ओरडतोय. त्याचं पैशाचं काम अडलंय, आपल्याशी वैर नाही, हे त्याच क्षणी लक्षात घेतलं तर राग मुळातच कमी येतो आणि त्याची तक्रारही नीट ऐकू येते. शिवीगाळ मात्र अजिबात सोसू नये. तिथे वरिष्ठांनी मध्ये पडायलाच हवं.

आणि सगळ्यांना एकच मोजपट्टी लावू नका. संशोधक जोसेफ आणि न्यूमन यांच्या २०१० च्या विश्लेषणात भावनिक बुद्धिमत्तेचा कामगिरीशी संबंध मुख्यतः माणसांशी सतत व्यवहार असलेल्या कामांत दिसला. हिशेब चोख ठेवणाऱ्या अबोल माणसाचे 'मिसळत नाही' म्हणून गुण कापणं अन्यायाचं आहे.

एवढं करूनही लोक बोलत नसतील, तर शेवटचा जो बोलला त्याचं पुढे काय झालं ते बघा. त्याचा ओव्हरटाइम बंद झाला असेल, तर आधी तो सुरू करा.